डब्लिनमध्ये जेमसनपेक्षा टीलिंग बघा
ताई, ठाण्याहून आई-बाबांना घेऊन डब्लिनला निघालाय आणि गिनेसचा बिअरचा कारखाना आणि जेमसनची व्हिस्कीची भट्टी, दोन्ही एकाच दिवसात उरकायचं म्हणताय, म्हणून लिहितेय. जेमसनची बो स्ट्रीटवरची वास्तू देखणी आहे, पण तिथे व्हिस्की गाळणं १९७१ मध्येच थांबलं. त्यापेक्षा टीलिंग या व्हिस्कीच्या कारखान्यात जाच! तिथे काम खरंच चालतं: आंबवणाचा उग्र वास, तांब्याच्या तीन भट्ट्या आणि त्यांतून तीनदा गाळली जाणारी व्हिस्की. गिनेसमधला १७५९ चा, कारखान्याच्या जागेचा ९००० वर्षांचा भाडेकरार मात्र चुकवू नका. आई-बाबा घेत नसतील तर डब्लिन कॅसलच्या आवारातल्या चेस्टर बीटी संग्रहालयात न्या. प्रवेश मोफत, आणि जुनी हस्तलिखितं अशी की आमच्या नौपाड्याच्या मंडळींचा पाय तिथून निघेना.