सोनकी कुंडीत लावायची आहे

गच्चीबाग_पुणे:
भोरकडच्या आमच्या पडीक जमिनीवर दर भाद्रपदात सोनकी (पिवळं रानफूल) फुलते. तिचं बी धरून पुण्यात गच्चीवर लावायचा विचार आहे. बी कधी काढायचं, पेरायचं कधी, माती कोणती? बारा इंची कुंडी पुरेल का? खाली उद्यानाच्या कडेला तशीच पिवळी-केशरी फुलं आहेत, त्यांचं बी सोपं पडेल का?

कातळफुले:
उद्यानाकडेची बहुधा सल्फर कॉसमॉस असणार. ती मेक्सिकोची, आता आपल्याकडे रस्तोरस्ती पसरलेली. बी हातात घेतलं की लगेच कळतं. कॉसमॉसचं बी काळपट, सुईसारखं लांब आणि टोकाला काटेरी असतं. सोनकीचं बी बारीक, डोक्यावर पांढऱ्या मऊ केसांचा झुपका. कॉसमॉसची पानंही बारीक चिरलेली असतात. ते बी भोरला मात्र नेऊ नका, एकदा घुसलं की माळावरच्या मूळच्या झाडांची जागा खातं.

सोनकीची बोंडं पिवळी असताना तोडली तर बी पोचट निघतं. पाकळ्या सुकून पांढरा कापूस डोकावू लागला की सकाळी, वारा सुटायच्या आत, पिशवी खाली धरून खुडा. दुपारपर्यंत थांबलात तर निम्मं बी उडालेलं असतं. तीन-चार दिवस सावलीत वाळवा, झुपके चोळून काढा आणि कागदी पाकिटात ठेवा. प्लॅस्टिकमध्ये ओल धरून बुरशी येते. नखाने दाबून बघा: भरलेलं बी टणक लागतं, पोचट चपटं होतं. पोचट बरंच निघतं, त्यामुळे लागेल त्यापेक्षा जास्त धरा.

मुरूम_माती:
खरी गोची मातीत आहे. सोनकी उताराच्या, उथळ, पाणी न धरणाऱ्या जमिनीवरची. पुण्याची काळी माती आणि वर शेणखत दिलंत तर झाड फोफावतं, फुलं कमी येतात आणि पहिल्या जोरदार पावसात आडवं होतं. दोन भाग लाल माती किंवा बारीक मुरूम, एक भाग वाळू, एक भाग कुजलेला पालापाचोळा, बास. युरिया नको, डीएपीही नको.

पेरणी मेअखेर ते जूनचा पहिला आठवडा. चमचाभर बियात चार चमचे कोरडी वाळू मिसळून ट्रेमध्ये भुरभुरवा, तळहाताने दाबा, वर जेमतेम दोन-तीन मिलिमीटर माती. खोल गेलेलं बी वर येत नाही. झारीने पाणी घालू नका, बी एका कोपऱ्यात वाहून जातं. ट्रे पाण्याच्या परातीत ठेवून खालून ओल चढू द्या.

रोपं जमिनीलगत काळी पडून कोलमडू लागली तर ती रोपकूज. दाट पेरणी आणि साचलेली ओल ही कारणं. विरळणी करा, ट्रे उघड्या हवेत पण थेट पावसाच्या माऱ्याबाहेर ठेवा. मातीच्या मिश्रणात किलोला पाच ग्रॅम ट्रायकोडर्मा (रोपकूज रोखणारी उपयोगी बुरशी) आधीच घातलेला बरा.

चार खरी पानं आली की मातीच्या गोळ्यासकट हलवा. बारा इंची कुंडीत चार रोपं, पाचवं नको. दिवसाचे सहा तास तरी ऊन हवं. वीतभर झाल्यावर शेंडा खुडा, फांद्या फुटतात.

कातळफुले:
कळ्या धरताना मावा येतो, शेंड्याची पानं चिकट होऊन मुडपतात. लिटरला पाच मिली निंबोळी तेल, दोन थेंब साबण, संध्याकाळी. फुलं उमलल्यावर फवारू नका, मधमाश्या असतात.

सोनकी वर्षायू आहे. बी धरल्यावर झाड वाळतं, ते रोग समजून औषधं मारत बसू नका.

रानफूल_नोंदी:
दोन गोष्टी. सोनकी ज्या सेनेसिओ प्रजातीतली मानली जाते, तिच्यातल्या बऱ्याच झाडांत यकृताला घातक अल्कलॉइड नावाची विषारी द्रव्यं असतात. पानं खायची नाहीत, छाटणी शेळ्या-गुरांपुढे टाकायची नाही. आणि बी आपल्याच जमिनीवरचं घ्या. कास पठारावर काहीही तोडायला बंदी आहे, ते 2012 पासून जागतिक वारशात आहे.

मुरूम_माती:
यंदाचं बी हुकलं तर कारळे लावा. फूल पिवळंधम्मक, याच कुळातलं. वाण्याकडचं चटणीचं बी चालतं, फक्त भाजलेलं नको. जून-जुलैत सेंटिमीटरभर खोल पेरा, दोन रोपांत दहा सेंटिमीटर. एकट्या झाडाला बी धरत नाही, त्याला दुसऱ्या झाडाचे परागकण लागतात, म्हणून सहा-आठ तरी जवळजवळ हवीत. नुसती फुलंच हवी असतील तर दोनही पुरतात.