‘वनस्पतिजन्य’ चांदी आणि ‘प्रतिऑक्सिडीकारक’ : विशेषण नेमके कोणाचे?

प्रश्न (दारव्हा तालुका, यवतमाळ) :
आमच्या कनिष्ठ महाविद्यालयातील विद्यार्थिनींनी पळसाच्या पानांच्या अर्कातून चांदीचे नॅनोकण तयार करून ते विज्ञान प्रदर्शनात मांडायचे ठरवले आहे. तक्त्यावर त्यांनी ‘वनस्पतिजन्य रजत अब्जांश कणांचे प्रतिऑक्सिडीकारक परिणाम’ असे शीर्षक लिहिले आहे. प्रदर्शनाला गावातील शेतकरी आणि पालकही येतात. त्यांना हे कळेल का, आणि मुळात ते बरोबर आहे का, याविषयी जाणकारांनी मत द्यावे.

उत्तर (आर्वी, वर्धा) :
ताई, शीर्षक जड आहे ही लहान अडचण. मोठी अडचण ‘वनस्पतिजन्य’ या शब्दात आहे. जवसाचे तेल वनस्पतिजन्य म्हणता येते, कारण ते जवसातूनच निघते. येथे चांदी येते ती सिल्व्हर नायट्रेटमधून. पानांतील पॉलिफेनॉल आणि फ्लॅवोनॉइड द्रव्ये चांदीच्या आयनांना इलेक्ट्रॉन देतात, त्यामुळे आयनांचे क्षपण होऊन धातूचे अणू बनतात, ते एकत्र येऊन कण तयार होतात आणि अर्कातलीच काही द्रव्ये त्या कणांभोवती लेपासारखी चिकटून राहतात. मुलींनी फिकट पिवळसर मिश्रण हळूहळू तपकिरी होताना पाहिले असेलच. तो रंग याच कणांचा. म्हणून ‘अर्काने घडवलेले’ म्हणणे अधिक नेमके ठरेल.

‘रजत’ही टाळावे. आपल्याकडे रौप्यभस्म ऐकून माहीत असते, त्यामुळे संस्कृत शब्द पाहताच लोक ते औषध समजतील. ‘अब्जांश’ शब्द अर्थाने योग्य आहे, पण ‘अब्जांश कण’ म्हणजे कणाचा अब्जावा भाग असा भलताच अर्थ निघतो. ‘नॅनोकण’ लिहून खाली ‘1 ते 100 नॅनोमीटर आकाराचे’ एवढे द्यावे.

उत्तर (धारणी, अमरावती) :
सरांशी सहमत आहे. मात्र ‘प्रतिऑक्सिडीकारक’ ठेवावा. ठेवणीतले तेल हवेतील ऑक्सिजनमुळे खवट होते ते ऑक्सिडीकरण, आणि त्याला आळा घालणारे द्रव्य ते प्रतिऑक्सिडीकारक, एवढे सांगितले की आमच्याकडच्या कोणत्याही आजीला ते समजते.

माझा आक्षेप ‘परिणाम’ या शब्दाला आहे. मुलींनी बहुधा डीपीपीएच चाचणी केली असेल : या रसायनाच्या जांभळ्या द्रावणात मुक्त मूलके (सुटा, जोडीविना इलेक्ट्रॉन असलेले रेणू) असतात, त्यांना इलेक्ट्रॉन किंवा हायड्रोजन मिळाला की रंग पिवळा पडतो आणि 517 नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाचे शोषण किती घटले यावरून आकडा काढतात. ही परीक्षानळीतील क्षमता झाली. ‘परिणाम’ म्हटले की वाचणारा शरीरावरचा परिणाम समजतो. उलट, चांदीचे कण पेशीत ऑक्सिडीकरणाचा ताण वाढवू शकतात आणि त्यांच्या जंतुनाशक गुणामागचे ते एक कारण मानले जाते.

शिवाय ही क्षमता चांदीची की तिच्याभोवतीच्या लेपाची, हे शीर्षकाने परस्पर ठरवून टाकू नये. मुलींनी नुसत्या अर्काचीही तीच चाचणी, तेवढ्याच प्रमाणात, ॲस्कॉर्बिक आम्लाशी (म्हणजे क जीवनसत्त्व, हे ओळखीचे प्रतिऑक्सिडीकारक) तुलना करून घेतली आहे का?

प्रश्नकर्ती :
ॲस्कॉर्बिक आम्लाशी तुलना केली आहे, नुसत्या अर्काची चाचणी राहिली आहे. ती आता करून घेते. शीर्षक बदलून ‘पळसाच्या पानांच्या अर्काने घडवलेले चांदीचे नॅनोकण : परीक्षानळीतील प्रतिऑक्सिडीकारक क्षमता’ असे करते. शीर्षकाखाली खवट तेलाचे उदाहरण आणि कणांचा आकार यांच्या दोन ओळी येतील.