गाब्रिएलची आगगाडी आणि उगाचचं रडगाणं

उलटतपासणी: डच चित्रकार पाउल गाब्रिएलच्या १८८७ च्या सुमाराच्या 'दुरून येतंय' या चित्राबद्दल काल इथे कोणीतरी लिहिलं: 'यंत्राने निसर्गाचा गळा घोटल्याची किंकाळी'. कसली किंकाळी? पाण्याकाठी माणूस गळ टाकून बसलाय, तारेचे खांब ओळीने लांबवर गेलेत आणि गाडी केवढी, तर नखाएवढी. आम्स्टरडॅम-हार्लेम रेल्वे १८३९ ची! पन्नासेक वर्षं जुन्या गोष्टीला कोण दचकतं?

अवेळी_चहा: 'कोणीतरी' नव्हे, मी. सवय झाली म्हणून नुकसान भरून निघतं? एवढ्या निवांत चित्रात धूर काय शोभेला सोडलाय? आणि हेग स्कूलवाले, म्हणजे गाब्रिएल ज्यांच्यातला तो डच चित्रकारांचा गट, मुळातच करडे, उदास.

उलटतपासणी: आपला देश करडा नाही, ढगाळ हवेतही नाही, हे गाब्रिएलचंच म्हणणं. आणि ज्याला निसर्ग म्हणताय तो पोल्डर आहे हो, बांध घालून, पाणी उपसून मिळवलेली जमीन! हार्लेमरमेर हे अख्खं सरोवर १८४९ ते १८५२ मध्ये वाफेच्या पंपांनी उपसलं. तिथे जमीनच इंजिनाच्या कृपेने मिळाली.

बांधावरचा: पोल्डरचं कौतुक आम्हा गोंयकारांना नको. आमची खाजणं, खाडीकाठची खारी शेतजमीन, काय वेगळी आहेत? बांध घालायचा, मानशीची, म्हणजे बांधातल्या झडपेची, दारं भरतीला आपोआप मिटतात, ओहोटीला उघडतात. पंपबिंप काही नाही. मग खाजणातून रस्त्याचा भराव गेला. मोऱ्या नावाला, त्याही गाळाने बुजलेल्या. पाणी तुंबून भात कुजलं. आजोबांनी कोरगुट, खाऱ्या जमिनीतलं भात, लावणंच सोडलं. वर साहेब येऊन सांगून गेले, विकास आहे!

अवेळी_चहा: बघा, हेच म्हणत होते मी!

बांधावरचा: अजिबात नाही. तुम्हाला गाडीच नकोय. मला रस्ता हवाय, फक्त मोऱ्या धड हव्यात.

उलटतपासणी: खाजणाचा वेगळा धागा काढा ना राव.

बांधावरचा: काढला होता. फिरकलं कोण? डच चित्र म्हटलं की सगळे जमा.

उट्रेख्तकरीण: हे चित्र नेदरलँड्समधल्या ओटर्लोच्या क्र्युलर-म्युलर संग्रहालयात आहे. जंगलातून फुकटच्या पांढऱ्या सायकली हाणत लोक येतात आणि थेट व्हॅन गॉगकडे पळतात. आमचे हेही पळाले. मी मात्र थांबले, आणि मला आधी दिसले ते खांब. धूर विरून जाईल, खांब तिथेच राहणार.

उलटतपासणी: खांबांचा मुद्दा... ठीक आहे, सोडतो. किंकाळी तरीही नाही.

अवेळी_चहा: बरं बाबा, 'हुंदका' लिहिते. परवानगी आहे?

बांधावरचा: मोऱ्यांवर कोणी बोलणार आहे का?