मदत हवी आहे: पाठीवर कवटी असलेला पतंग, पण दोघांपैकी कोणता?

कोल्हापुरात, राजारामपुरीत आमच्या गच्चीवर, वांग्याच्या कुंडीमागच्या भिंतीला काल रात्री हा बसला होता. जवळजवळ तळहाताएवढा, पाठीवर पिवळट कवटी. काडी लावली तर उंदरासारखा चीं चीं ओरडला, आजी दोन पावलं मागं! ॲकेरॉन्शिया (कवटीवाल्या पतंगांचा गट) हे नक्की. त्यातली स्टिक्स जात की लॅकेसिस, इथं घोडं अडलंय. (तिसरी जात, ॲट्रोपॉस, सुचवू नका, तो आफ्रिका-युरोपकडचा.)

लॅकेसिसच्या मागच्या पंखांचं बूड काळं, स्टिक्सचं पिवळं, एवढं वाचलंय. पण बसल्यावर नेमके तेच पंख झाकलेले, आणि माझे सहाही फोटो वरून काढलेले. छेडल्यावर पंख उचलले तेव्हा क्षणभर पिवळं चमकलं, तो फोटो हलला. पिवळं तर दोघांतही असतं. मारून टाचायचा नव्हताच, त्यामुळे उडून गेला.

त्याच वांग्यावरची शेपटीला शिंग असलेली हिरवी अळी आठवड्यापूर्वी कोष करायला कुंडीच्या मातीत शिरलीय. ती याच जातीची असेलच असं धरत नाही. माती उकरलेली नाही, पाणी बेतानं घालतोय.

नुसत्या पुढच्या पंखांवरून जात ठरते का? नाहीतर कोषातून पतंग निघाल्यावर, त्याला हात न लावता, कुठल्या बाजूनं फोटो घेऊ?