वापरलेल्या तेलाचं बायोडिझेल: धुताना सगळं ताकासारखं पांढरं झालं, काय चुकलं?

लोखंडी_पिंप:
वापरलेलं तळणाचं तेल १० लिटर, गाळून घेतलेलं. मेथॅनॉल २ लिटर, कॉस्टिक सोडा ३५ ग्रॅम, म्हणजे लिटरला ३.५. तेल ५५ अंशांवर धरून तासभर ढवळलं आणि रात्रभर निवळू दिलं. तळाशी काळपट थर आला, पण जेमतेम ६०० मिली. तो काढून टाकला. वरचं द्रव नितळ दिसत होतं, म्हणून निम्मं पाणी घालून पिंप जोरात हलवलं. तेव्हापासून सगळं दाट ताकासारखं आहे, दोन दिवसांत पाणी खाली बसलेलं नाही. टायट्रेशन (तेलात किती आम्ल आहे ते मोजणं) केलेलं नाही. पाणी जड असल्यामुळे असं होतं, की सोडा जास्त पडला? आणि हा घाणा वाचेल का?

थेंबाथेंबाने:
सोडा जास्त नाही, कमी पडलाय. उत्तर तुमच्या ६०० मिलीतच आहे. १० लिटर तेलात नुसतं शुद्ध ग्लिसरीनच पाऊण लिटरच्या आसपास निघतं. त्यात उरलेलं मेथॅनॉल आणि साबण मिसळला की खालचा थर लिटरच्या बराच वर जायला हवा. तुमचा त्याहून कमी आला, म्हणजे तेल अर्धवटच फुटलं.

लिटरला ३.५ ग्रॅम हा आकडा कोऱ्या तेलाचा. तळून तळून तेलात मुक्त मेदाम्लं तयार होतात. ती आधी सोडा खातात, त्यांचा साबण होतो आणि उरलेल्या सोड्यावर खरी प्रक्रिया चालते. तो पुरला नाही की मोनो- आणि डायग्लिसराइड, म्हणजे अर्धवट फुटलेलं तेल, तसेच राहतात. हे दोन्ही आणि साबण मिळून पाणी-तेल बांधून ठेवतात. जड पाण्याने थोडा चिकट मळ वाढतो, पण दोन दिवस न निवळण्याचं कारण ते नाही.

आता टायट्रेशन. १ लिटर डिस्टिल्ड पाण्यात बरोबर १ ग्रॅम कॉस्टिक सोडा विरघळवा. छोट्या काचेच्या भांड्यात १० मिली आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि फिनॉल्फ्थॅलिनचे (आम्ल संपलं की गुलाबी होणारं सूचक) दोन-तीन थेंब घ्या. अल्कोहोल स्वतः किंचित आम्लधर्मी असू शकतं, म्हणून तेल घालण्याआधीच सोड्याच्या द्रावणाचा एखादा थेंब टाकून त्याला फिकट गुलाबी छटेपर्यंत आणा. मग १ मिली तेल घाला. अल्कोहोल आधी गुलाबी करण्याची पायरी लोक गाळतात आणि आकडा फुगतो. पुढे सिरिंजने थेंब थेंब द्रावण घालत भांडं गोल फिरवत राहा. गुलाबी रंग अर्धा मिनिट टिकला की थांबा. जितके मिली लागले तितके ग्रॅम लिटरमागे ३.५ मध्ये मिळवायचे. फिनॉल्फ्थॅलिन नसेल तर हळदीचा अर्क चालतो, पिवळ्याचा तांबूस होतो. फक्त तेल गडद असेल तर ती छटा ओळखणं अवघड. तीन वेळा करून सरासरी घ्या. मूळ तेल थोडं उरलंय ना?

नळी_आणि_नट:
वरच्याला दुजोरा, पण पाण्याचंही बघा. गाळलेलं तेल म्हणजे कोरडं तेल नव्हे. गरम तव्यावर थेंब टाका. तडतडला तर पाणी आहे, आणि पाणी म्हणजे आणखी साबण. ६० अंशांपर्यंत तापवून दिवसभर निवळू द्या, तळचं काढून टाका. तरी तडतड राहिली तर ११० अंशांपर्यंत नेऊन बुडबुडे थांबेस्तोवर धरा. मात्र मेथॅनॉल घालायच्या आधी ५५ वर उतरायलाच हवं. मेथॅनॉल ६४.७ अंशांना उकळतं.

आणि ढवळलं कशाने? ब्रशवाली ड्रिल मशीन लावली असेल तर ती आजच बाजूला ठेवा. आत ठिणग्या उडतात आणि भांड्यावर मेथॅनॉलची वाफ असते. त्याची ज्योत दिवसाउजेडी दिसतसुद्धा नाही. बंद भांडं, फिरता पंप आणि बाहेर लांब नेलेली वाफेची नळी, हेच बरं. तापवायला विजेचं एलिमेंट, तेही पूर्ण बुडालेलं. मास्क घातलाय म्हणून निर्धास्त राहू नका: साध्या मास्कचं तर सोडाच, कार्बन कार्ट्रिजमधूनही मेथॅनॉल लवकर पार होतं. उघड्यावर काम करा, वाऱ्याकडे पाठ नको, बाजू हवी. ते कातडीतूनही शोषलं जातं, आणि डोळे जाण्याची भीती उगाच सांगत नाहीत.

सोडा मेथॅनॉलमध्ये मिसळायला जाड पॉलिथिनचा झाकणाचा कॅन घ्या, ॲल्युमिनियम अजिबात नाही; सोडा ते खातो आणि हायड्रोजन सुटतो. थोडा थोडा टाका, कॅन गरम होतो. तळाशी एकही कण दिसेनासा होईपर्यंत तेलात ओतायचं नाही.

लोखंडी_पिंप:
तेल उरलं होतं. तीन वेळा मोजलं: १.७, १.९, १.८. तव्यावर तडतड नाही. ढवळणं पंपानेच होतं.

थेंबाथेंबाने:
म्हणजे ३.५ + १.८ = ५.३, १० लिटरला ५३ ग्रॅम. तुम्ही टाकलेल्या ३५ पैकी १८ आम्लांनी खाल्ले, कामाला १७ उरले. हिशेब लागला.

वाचवायचं असेल तर आधी ताक फोडा. लिटरभर गरम पाण्यात १०० ग्रॅम मीठ विरघळवून ते हळूच पिंपात ओता, पिंप ५० अंशांवर ठेवा आणि हलवू नका. व्हिनेगरने झटपट फुटतं खरं, पण साबणाची पुन्हा मेदाम्लं होतात आणि ती तुमच्या तेलातच राहतात. म्हणून व्हिनेगर शेवटचा उपाय. पाणी सुटलं की काढा, साध्या पाण्याने दोनदा हलक्या हाताने धुऊन मीठ घालवा आणि मग ५५-६० अंशांवर पंपाने फिरवत, झाकण उघडं ठेवून, उघड्यावर पूर्ण कोरडं करा. गढूळपणा जाऊन आरपार दिसलं पाहिजे.

मग कोऱ्या तेलासारखं पुन्हा घ्या. पुन्हा टायट्रेशन, जो आकडा येईल तो अधिक ३.५. अर्धं काम झालेलं आहे, त्यामुळे मेथॅनॉल लिटरला १०० मिलीपासून बघा. पण आधी १ लिटरवर. सगळे १० लिटर एकदम घालून दुसऱ्यांदा हात पोळून घेऊ नका.

नळी_आणि_नट:
आणि पाण्याला हात लावण्याआधी ३/२७ करा. २७ मिली मेथॅनॉलमध्ये ३ मिली तयार माल, दोन्ही २०-२५ अंशांवर, हलवून दहा मिनिटं ठेवा. तळाशी तेलाचा थेंब बसला तर काम अर्धवट. ग्लिसरीन काढून थोडं मेथॉक्साइड (मेथॅनॉलमध्ये विरघळवलेला सोडा) घालून पुन्हा तासभर फिरवा. काही जण पहिल्यापासूनच ८० टक्के मेथॉक्साइड आधी, ग्लिसरीन काढल्यावर २० टक्के, असं दोन टप्प्यांत घालतात. वापरलेल्या तेलाला मला तेच पटतं.

जोरात हलवू नका म्हणतात, ते पहिल्या धुण्यापुरतं ठीक. पण नीट झालेला माल बरणीत समसमान पाण्याबरोबर दहा सेकंद खच्चून हलवला तरी अर्ध्या तासात वेगळा होतो. होत नसेल तर दोष हलवण्याचा नाही.

कॉस्टिक पोटॅशवर जायचा विचार करा: लवकर विरघळतं, ग्लिसरीन थिजत नाही. फक्त वजनाचा हिशेब बदलतो, सोड्याच्या १.४ पट, आणि पोटॅश ९० टक्के शुद्ध असेल तर त्याला पुन्हा ०.९ ने भागायचं. तुमचे ५३ ग्रॅम तिथे ८३ च्या आसपास होतात. डबा उघडा राहिला की हवेतलं पाणी ओढून वजन खोटं ठरतं, तेव्हा मोजून लगेच झाकण लावा.

काळ्या थरात मेथॅनॉल आहे हे विसरू नका, तो गटारात किंवा झाडांना घालायचा नाही. तेल पुसलेल्या सुती चिंध्याही ढीग करून ठेवू नका, आपोआप तापून पेटतात. पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा.