रेडिओ सेन्सरच्या पलीकडे
शत्रूचा ड्रोन ओळखायचा तर ड्रोन आणि चालक यांच्यातला रेडिओ संदेश सेन्सरने पकडला की काम झालं, असं म्हणतात; ते साध्या क्वाडकॉप्टरपुरतं (चार पंख्यांच्या छोट्या ड्रोनपुरतं) ठीक. पण युक्रेनच्या आघाडीवर २०२४ पासून ऑप्टिकल फायबरची बारीक तार मागे सोडत जाणारे ड्रोन आलेत. चालकाशी संपर्क तारेतूनच, मग रेडिओ सेन्सर पकडणार काय? रेडिओ संदेशात अडथळा आणणारा जॅमरही तिथे कुचकामी.

ड्रोन ओळखायचा आणखी एक मार्ग म्हणजे त्याचा आवाज. रशिया वापरत असलेले इराणी बनावटीचे शाहेद हल्ला-ड्रोन टिपायला युक्रेनने खांबांवर मायक्रोफोन लावून हजारो सेन्सरचं जाळं उभं केलं. एका सेन्सरचा खर्च ४०० ते ५०० डॉलर, असं अमेरिकी हवाई दलाचे जनरल जेम्स हेकर यांनी २०२४ मध्ये सांगितलं होतं. रडारच्या मानाने फुकटच! अर्थात शाहेदचं पिस्टन इंजिन मोपेडसारखं फटफटतं म्हणून हे जमतं. बॅटरीवरच्या छोट्या ड्रोनचा आवाज तोफांच्या गदारोळात कुठला ऐकू यायला.