सुरुवातीच्या ट्रेनिंगपेक्षा रोजचा अर्धा तास

मुलांना मराठी शिकवण्याबद्दल काही जण म्हणतात, 'शिक्षकांची मातृभाषा मराठी आहे म्हटल्यावर त्यांना आधी दोन दिवस ट्रेनिंग दिलं की पुरे', ते मला नाही पटलं. मातृभाषा आपण बोलतो, पण ती अशीच का हे कधी कोणाला सांगावं लागलेलं नसतं. आमच्याकडे इंदूरला सुट्टीत तीन आठवडे, रोज चार तास मराठीचे वर्ग घेतले, मुलं सगळी घरी मराठी ऐकणारी पण उत्तर हिंदीत देणारी. तिसऱ्याच दिवशी एका मुलीने विचारलं की 'ती पुस्तक' का नाही, हिंदीत तर पुस्तक स्त्रीलिंगी आहे, आणि शिकवणाऱ्या काकू अडकल्या. तसंच 'आपण' (ऐकणाऱ्यासकट) आणि 'आम्ही' (ऐकणारा सोडून) यांतल्या फरकाचं, हिंदीत दोन्हीला 'हम'च.

मग आम्ही रोज वर्ग सुटल्यावर चहाबरोबर अर्धा तास सगळ्या शिक्षकांनी बसायचं ठरवलं, आज कोण कुठे अडकलं एवढंच बोलायचं. 'आपण'चं उत्तर तिथेच सापडलं, एक ताई म्हणाल्या की आपल्या इंदुरी हिंदीत 'अपन चलते हैं' म्हणतोच की, तिथून सुरू करा! मुलांना लगेच कळलं. चार तास सलग बोलून घसा आणि डोकं दोन्ही थकतं, म्हणून दुसऱ्या आठवड्यापासून एका वर्गाला दोघी ठेवल्या, तेही आधीच करायला हवं होतं.